परदेशातला कॉल इंटरनेटच्या वाटेने

परदेशात भारतीय सिमवर आलेला कॉल घेतला, तरी रोमिंगचे पैसे पडतात. त्यावर तोड म्हणजे निघण्यापूर्वीच सगळे कॉल इंटरनेटवर चालणाऱ्या क्रमांकाकडे वळवून ठेवणे. २०१८ मध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ नावाने अशी क्रमांकसेवा आणली होती. असे वळवून ठेवले की कॉल भारतातच वळतो आणि हॉटेलच्या वायफायवर ॲपमध्ये वाजतो. खर्च वळवलेल्या कॉलचाच.

‘उचलला नाही तर वळवा’ हा पर्याय मात्र टाळावा. त्यात कॉल आधी परदेशी नेटवर्कपर्यंत जातो नि मग माघारी येतो. दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागू शकतात. एसएमएस असे वळत नाहीत. बँकेचा ओटीपी सिमवरच येतो. आणि अनोळखी माणसाने सांगितलेला कोड फोनवर कधीही दाबू नये, तो कॉल वळवण्याचा असला तर तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात.