चार बाजूंनी शिवली जाणारी वाकळ

भंडारा जिल्हा हा वैनगंगेच्या खोऱ्यातला, तलावांचा आणि धानाचा मुलूख आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या या प्रदेशातली जुनी कौलारू घरे वारा खेळता राहावा अशा बेताने बांधलेली असतात, आणि म्हणूनच हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागले की तीच घरे रात्री गारठतात. भंडाऱ्याच्या पश्चिमेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातूनच वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तर विदर्भातील सर्वांत कमी तापमानाचे ठिकाण म्हणून हिवाळ्यात वारंवार बातम्यांत येतो. थंडीची चाहूल लागते त्याच दिवसांत कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे रचून ठेवलेले ढीग, मळणीची वाट पाहत शेतात उभे असतात आणि त्यांच्या राखणीला कोणाला तरी रात्र उघड्यावर काढावी लागते. थंडीचे दिवस मोजकेच असले, तरी तिच्याशी गाठ पडणाऱ्या माणसाच्या अंगावर बहुधा जाड कपडा नसतो, ही या भागातली खरी अडचण आहे.

ही अडचण भागवण्याचा येथला जुना मार्ग लोकरीचा नव्हे. पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त पठारावर दख्खनी मेंढीच्या लोकरीपासून घोंगडी तयार करणारा धनगर समाज आहे. बांध्यांच्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या धानशेतांच्या, भंडाऱ्यात घोंगडीची जागा मुख्यतः जुन्या सुती कापडाने भरून काढली. वापरून मऊ झालेली लुगडी, धोतरे आणि चादरी एकावर एक पसरून धावदोऱ्याने, म्हणजे कापडात खालीवर धावत जाणाऱ्या साध्या टाक्याने, एकत्र शिवल्या की जे जाड पांघरूण तयार होते, त्याला वाकळ किंवा गोधडी म्हणतात. तेच तान्ह्या बाळासाठी लहान आणि पातळ केले की त्याचे दुपटे होते, आणि चार पदरांचे केले की चौघडी. रजईशी वाकळीची गल्लत होता कामा नये. रजईच्या दोन कापडांमध्ये पिंजलेला कापूस भरलेला असतो, त्यासाठी कापूस विकत घ्यावा लागतो आणि पिंजाऱ्याला मजुरी द्यावी लागते. वाकळीच्या आत कापडाखेरीज काही नसते आणि ते कापड घरातच असते. ज्या घरात पैसा सर्वांत दुर्मीळ, त्या घरात ही गोष्ट निर्णायक ठरते.

कापडाचा हा साठा कुठून येई, याचेही उत्तर जिल्ह्यातच सापडते. मोहाडी, आंधळगाव आणि पवनी ही कोष्टी विणकरांची जुनी गावे असून आज त्यांची ओळख प्रामुख्याने कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडासाठी सांगितली जाते. पण हातमागावरचे सुती लुगडे हेही या समाजाचे जुने उत्पादन. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केल्यानंतर गिरणीचे सूत आणि गिरणीचे कापड विदर्भातल्या बाजारांत पोहोचले, आणि मागाचे असो वा गिरणीचे, नऊवारी सुती लुगडे हेच पुढे अनेक पिढ्या वाकळीचे मुख्य द्रव्य राहिले. चांगल्या सुताचे लुगडे अंगावर वर्षानुवर्षे धुतले जाऊन जितके विरते तितके ते वाकळीसाठी योग्य होत जाते: खळ निघून गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो आणि सुई अडत नाही.

प्रत्यक्ष शिवणीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर लांबीचे लुगडे चौपदरी दुमडले की दोन मीटरांहून थोडे लांब असे चार पदर मिळतात, पण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, एका माणसापुरताच असल्यामुळे जोडप्याच्या किंवा मायलेकरांच्या वाकळीसाठी दोन लुगडी शेजारी शेजारी लावून सांधावी लागतात. जाड काठ आधी उसवून बाजूला ठेवतात, कारण ते मध्ये राहिले तर सुई अडखळते; पुढे हेच काठ वाकळीच्या कडेला गोटासारखे लावले की वाकळ जिथे आधी झिजते नेमकी तिथे ती बळकट होते. सारवून वाळलेल्या जमिनीवर खालचे अखंड कापड ताणून पसरतात, त्याच्या कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असे जे हाताशी असेल ते वजन ठेवतात, फाटके आणि तुकड्यांचे पदर मधे दडवतात आणि वरच्या बाजूला चांगले कापड किंवा जोडलेली ठिगळे येऊ देतात. मग सगळे पदर सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालून घेतले जातात, आणि ते घालून झाले की खरी शिवण सुरू होते.

वाकळीला गट का लागतो, हे येथे स्पष्ट होते. सहा-आठ पदरांचे दोन मीटर लांबीचे कापड एका बाईने एका टोकाकडून शिवत नेले, तर पदर तिच्या हातापुढे सरकत जातात आणि दुसऱ्या टोकाला फुगा येतो. त्यामुळे चौघीजणी चार बाजूंना बसतात, कडेपासून आत शिवत येतात, आणि टाक्यांच्या ओळी चौकोनात चौकोन अशा आत आत सरकत मध्यावर मिळतात. ताण चारही बाजूंनी सारखा राहिल्यामुळे वाकळ सपाट बसते. मधल्या बोटात अंगुस्ताना, म्हणजे सुई रेटण्यासाठी घालायची धातूची टोपी, असला तरी इतके पदर भेदताना बोटे दुखतात, आणि दुखऱ्या हाताला आराम देण्यासाठी जागा बदलणे, दोरा ओवून देणे, कोणाची ओळ वाकडी जाते आहे ते सांगणे ही कामे आपोआप वाटली जातात. शेतकऱ्यांमध्ये एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याची जी रीत आहे, तिला सावड म्हणतात. वाकळ ही बायकांची शिवणातली सावडच होय, कारण आज एकीच्या ओसरीवर बसलेल्या चौघी उद्या दुसरीच्या ओसरीवर बसतात आणि मजुरीचा प्रश्न निघत नाही. रोवणी म्हणजे धानाची लावणी आणि कापणी या दोन्ही हंगामांत बायकांना उसंत नसते, म्हणून हे काम मुख्यतः उन्हाळ्याच्या रिकाम्या दुपारी होते. थंडीसाठीची तयारी भर वैशाखात करणाऱ्या या कारागिरीला जो दूरचा विचार लागतो, त्याची नोंद क्वचितच कोणी घेतली आहे.

ऊब कापड निर्माण करत नाही. ती शरीराची असते आणि कापडाच्या पदरांमध्ये अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड चादरीपेक्षा तितक्याच वजनाचे पाच विरलेले पदर अधिक ऊब देतात, आणि म्हणूनच टाक्यांच्या ओळींतले अंतर हा अनुभवी बाईच्या निर्णयाचा विषय असतो: ओळी दाट घातल्या तर हवा दाबली जाऊन वाकळ कडक पण टिकाऊ होते, विरळ घातल्या तर ती फुगीर आणि उबदार होते, मात्र धुताना पदर गोळा होतात. अलीकडच्या काळात सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतल्यावर या कारागिरीला मोठा धक्का बसला आहे. असे कापड निसरडे असल्यामुळे पदर जागेवर राहत नाहीत, ते घाम शोषत नाही, आणि शेकोटीजवळ ठिणगी पडली तर सुतासारखे जळून न जाता वितळून कातडीला चिकटते. शेतावर शेकोटीशेजारी झोपणाऱ्या राखणदाराच्या दृष्टीने हा दोष गंभीर आहे.

वाकळीचे सामाजिक स्थान तिच्या देण्यात आहे. ती सहसा विकण्यासाठी होत नसे. लेकीच्या रुखवतात, नातवाच्या बारशाला, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा दारी आलेल्या निराधाराला ती दिली जाई, आणि शिवायला बसण्यापूर्वीच ती कोणाची हे बहुधा ठरलेले असे. विदर्भाच्याच मातीतले संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर ठिगळांची गोधडी पांघरून फिरत आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांनी समाजापुढे मांडलेल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्या लगेच पाठोपाठ उघड्याला वस्त्र येते, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. शिक्षण, औषध आणि आसरा ही नंतरची सूत्रे आहेत. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला आधी पांघरूण हवे, हा क्रम फिरस्तीत दिवस काढलेल्या माणसाने लावलेला आहे.

लोकरीचे विणकाम या परंपरेत उशिरा आले. दोन सुयांवर टाके घालून सुलट आणि उलट टाक्यांनी वस्त्र वाढवत नेणे, किंवा एकाच आकडेदार सुईने साखळी आणि खांब घालत क्रोशाकाम करणे, ही कौशल्ये मिशनच्या शाळा आणि स्त्रियांच्या शिक्षणसंस्था यांतून मध्यमवर्गीय मराठी घरांत पोहोचली आणि बाळंतविड्याचा, म्हणजे बाळ-बाळंतिणीला द्यावयाच्या आहेराचा, भाग झाली: टोपडे, कुंची, पायमोजे, स्वेटर. घरापुरते असलेले हे काम देशासाठी झाले ते १९६२ मध्ये, चीनशी झालेल्या युद्धाच्या वेळी. हिमालयात लढणाऱ्या जवानांजवळ पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळल्यावर देशभर स्त्रियांनी सैनिकांसाठी स्वेटर विणायला घेतले. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यामुळे महाराष्ट्राला त्या युद्धाशी आपले विशेष नाते वाटत होते. अलीकडचे ठळक उदाहरण चेन्नईच्या सुभश्री नटराजन यांनी उभ्या केलेल्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाचे. देशोदेशी विखुरलेल्या स्त्रियांनी आपापल्या घरी विणलेले चौकोन जोडून या गटाने जानेवारी २०१६ मध्ये ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण तयार केले, जागतिक विक्रमाची नोंद झाल्यावर ते पुन्हा सुटे केले आणि गरजूंना वाटले. विक्रमापेक्षा हे सुटे करणे महत्त्वाचे मानले पाहिजे.

याउलट हिवाळ्यात होणाऱ्या घाऊक ब्लँकेटवाटपाचा विचार करावा लागेल. स्वस्त वाटपाची बरीच ब्लँकेटे हरियाणातील पानिपतहून येतात, जिथे जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्यांचे आखूड तंतू पुन्हा कातले जातात; या कापडाला शॉडी म्हणतात. जुन्यातून नवे करण्याचा हा उद्योग मोलाचा असला, तरी आखूड तंतूंमुळे ते कापड लवकर झडते, आणि वाटप मुख्यतः छायाचित्रासाठी झाले तर घेणाऱ्याची मान खाली जाते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने याच प्रश्नाला हात घातला. भूकंप-पुरात कपडे वाटले जातात, पण दरवर्षी येणारी थंडी ही आपत्ती मानलीच जात नाही, हे त्यांचे म्हणणे. म्हणून संस्थेने कपड्यांच्या बदल्यात गावाने आपल्याच गावाचे काम करायचे, अशी पद्धत बसवली. गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणारा हाही काही देणारा असतो, हे सूत्र वाकळीच्या सावडीशी जवळचे आहे.

ऊब देण्याच्या कामाचे मोल सर्वांत अचूक मोजले गेले ते मात्र भंडाऱ्याच्या लाखांदूर तालुक्याला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांकरवी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, आणि त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या यशात जंतुसंसर्गावरील उपचार, श्वास गुदमरलेल्या बाळाची तातडीची शुश्रूषा आणि स्तनपान यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या जोडीला बाळ उबदार ठेवणे हेही आरोग्यदूताच्या नेमून दिलेल्या कामात होते, आणि गारठलेल्या बाळाला ठेवण्यासाठी उबदार पिशवी तिच्या साहित्यात असे. पुढे २०११ पासून हीच पद्धत देशभर आशा सेविकांच्या गृहभेटींच्या रूपाने आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते, वजन घेते, ताप पाहते आणि अंग गार आहे का ते तपासते.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी अपुरी असते, वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठे असते आणि डोके तर एकूण शरीराच्या मानाने फारच मोठे असते, त्यामुळे उघड्या डोक्यावाटे उष्णता वेगाने जाते. काखेतले तापमान ३६.५ अंशांच्या खाली गेले की बाळ गारठले असे समजतात. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ठेवणे हा यावरचा सर्वोत्तम उपाय असून या कांगारू पद्धतीतही बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी असतेच. म्हणजे वाकळ शिवणाऱ्या आणि टोपडे विणणाऱ्या हातांना येथे नेमके काम आहे, आणि गावोगावच्या बचत गटांना ते हाती घेता येण्यासारखे आहे.

मात्र ते काम काटेकोर असावे लागते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो आणि कमी दिवसांच्या बाळाचा त्याहून बराच कमी, त्यामुळे एकाच मापाच्या टोप्या करून चालत नाही. सैल टोपी डोळ्यांवर घसरते आणि घट्ट टोपी कपाळावर वळ उमटवते. लोकर बोचरी नसावी, आतून जुन्या सुती कापडाचे अस्तर असावे, आणि बंद, गोंडे किंवा बटणे मुळीच नसावीत. हातमोज्यात आणि पायमोज्यात सुटलेला एखादा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊन रक्तपुरवठा तोडू शकतो, म्हणून प्रत्येक मोजा उलटा करून आतली प्रत्येक गाठ पाहावी लागते, शक्यतो शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी लागते, आणि देण्यापूर्वी तो धुऊन कडक उन्हात वाळवावा लागतो.