मित्रांच्या संमेलनाला हातभार : विज्ञानकथेचे मेळावे आणि खेडचा स्वयंसेवक

विज्ञानातील ज्ञात नियम किंवा शक्यता यांचा धागा पुढे नेऊन रचलेली कथा म्हणजे विज्ञानकथा. हा साहित्यप्रकार जगभर रुजवण्यात लेखक आणि संपादक यांच्याइतकाच वाटा त्या वाचकांचा आहे, जे कथा वाचून थांबले नाहीत, तर आपल्यासारखे आणखी कोण वाचते याचा शोध घेत घराबाहेर पडले. अशा वाचकांना त्या वर्तुळात ‘फॅन’ म्हणतात आणि त्यांनी स्वतः भरवलेल्या मेळाव्याला ‘कॉन’ म्हणतात. इंग्लंडमधील लीड्स शहरात ३ जानेवारी १९३७ रोजी मूठभर वाचक एकत्र आले, त्यांत विशी न ओलांडलेला आर्थर क्लार्क होता, आणि ही बैठक या परंपरेतील अगदी आरंभीच्या मेळाव्यांत गणली जाते. १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन, म्हणजे ‘वर्ल्डकॉन’, भरले, तेव्हा सुमारे दोनशे माणसे जमली. त्या संमेलनासाठी अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी लॉस एंजलिसहून बसने अमेरिका खंड ओलांडून गेला, आणि प्रवासाचे पैसे त्याला फॉरेस्ट अ‍ॅकरमन या मित्राने उसने दिले होते. मित्राच्या आधाराने केलेला प्रवास हा या चळवळीच्या पायातच आहे. पुढे १९५३ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रान्स-अटलांटिक फॅन फंड’ या निधीने तर वर्गणी काढून अटलांटिकच्या एका काठावरचा फॅन दुसऱ्या काठावरच्या संमेलनाला पाठवण्याची रीतच घालून दिली.

या संमेलनांचा कारभार समजून घेण्याजोगा आहे. वर्ल्डकॉनला येणारा माणूस तिकीट काढत नाही, तो सदस्यत्व घेतो, आणि अध्यक्षापासून दारावर उभ्या राहणाऱ्या मुलापर्यंत कोणालाही पगार नसतो. नोंदणीच्या मेजावर नावाचे बिल्ले देणे, वक्त्यांना ‘ग्रीन रूम’मध्ये, म्हणजे व्यासपीठावर जाण्यापूर्वी बसण्याच्या खोलीत, वेळेवर आणणे, चाकाच्या खुर्चीवरील सदस्याला वाट करून देणे, चित्रप्रदर्शनाची फळकुटे उभारणे आणि शेवटच्या रात्री ती उतरवणे, ही सगळी कामे मित्रमंडळीच करते. कोणतीही ठरावीक जबाबदारी न घेता जे सांगितले जाईल ते करणाऱ्या धावपळ्या मदतनिसाला ‘गोफर’ म्हणतात, आणि नवा माणूस सहसा याच वाटेने आत येतो. ब्रिटनमधील संमेलनांत अशा मदतनिसांना ‘ग्रोट’ नावाची कुपने दिली जातात, ती संमेलनाच्या जागी खाण्यापिण्यासाठी चालतात. काही वर्ल्डकॉन शिल्लक उरल्यास राबलेल्यांना सदस्यत्वाची रक्कम परत करतात. तरीही प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च बहुधा स्वतःचाच असतो, म्हणून तीन-चार मित्र एक खोली वाटून घेतात. उभारणी आणि आवराआवर या दोन टोकांना माणसे सर्वांत कमी पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी गावाहून मदतीला आलेला मित्र संमेलन सावरून धरतो.

आशियात वर्ल्डकॉन २००७ मध्ये योकोहामाला आणि २०२३ मध्ये चेंगडूला झाले, भारतात ते अद्याप झालेले नाही. मराठीत मात्र विज्ञानकथेला आधार देणारी संस्था अर्धशतकाहून अधिक काळ उभी आहे. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली, आणि १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे दिले होते. प्रत्यक्षात ती कथा जयंत विष्णू नारळीकरांची होती. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. त्याच नारळीकरांची २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी अध्यक्षपदी निवड झाली, आणि स्पर्धेपासून अध्यक्षपदापर्यंतचा हा प्रवास मराठी विज्ञानकथेच्या प्रतिष्ठेचा प्रवास आहे. परिषदेचे वार्षिक अधिवेशनही वेगवेगळ्या गावी भरते. ते विज्ञानाचे असते, केवळ कथेचे नसते, पण मराठीत ‘कॉन’च्या सर्वांत जवळचे असे काही असेल तर ते हेच, कारण तेथेही निवास, भोजन, नोंदणी, ध्वनिव्यवस्था हा सारा भार यजमान गावच्या बिनपगारी हातांवर असतो. मुंबईसारख्या शहरांत तिकीट लावून भरणारे कॉमिक्सचे झगमगते मेळावे ही निराळी गोष्ट आहे. तेथे येणारा ग्राहक असतो आणि मांडव उभारणारा कंत्राटदार.

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याला असे बिनपगारी राबणे नवे नाही. लग्नघरी दोन दिवस आधी जाऊन मांडवाला हात लावावा, तसेच कोकणातले लोक शेजारच्या गावच्या कार्यालाही जातात. जानेवारी २०१३ मध्ये चिपळूणला ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. १८६४ पासून चालत आलेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे ग्रंथालय त्याचे यजमान होते, आणि एवढ्या मोठ्या संमेलनाचा डोलारा एक वाचनालय पेलू शकते, हेच त्यातून सर्वांत मोलाचे दिसून आले. जानेवारी हा महिनाही अशा कामाला सोयीचा असतो, कारण भाताची कापणी आणि झोडणी आटोपलेली असते आणि आंब्याचा हंगाम अजून दूर असतो. खेडजवळच्या भरणे नाक्यावरून चिपळूण एसटीने तासाभराच्या आसपास येते. मुंबईकडे जायचे तर २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वाने खुल्या झालेल्या कोकण रेल्वेने कशेडी घाटाची रात्र वाचवली आहे, आणि मांडवी किंवा कोकणकन्या गाडीने ठाण्याला उतरून शीव-चुनाभट्टी येथील परिषदेच्या विज्ञान भवनापर्यंत पोचणे एका दिवसात सहज होते.

असा मदतनीस आयोजकांना खरोखर उपयोगी पडायचा असेल तर त्याने काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. आपण किती जण, कोणत्या गाडीने आणि किती दिवसांसाठी येत आहोत हे महिनाभर आधी कळवावे, अंथरूण-पांघरूण स्वतःचे न्यावे, आवडत्या लेखकाचे व्याख्यान ऐकता येईलच असा आग्रह धरू नये, आणि परतीचे तिकीट समारोपाच्या दुसऱ्या दिवसाचे काढावे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण खुर्च्या उचलण्याच्या वेळी बहुतेक मांडव रिकामे झालेले असतात.

विज्ञानकथेचे स्वतंत्र, वाचकांनी चालवलेले वार्षिक संमेलन मराठीत उभे राहायचे असेल तर लेखक आणि कथा यांची वाण नाही. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती भरून काढली आहे. उणीव आहे ती एका गावाहून दुसऱ्या गावी राबायला जाणाऱ्या तरुण वाचकांची. खेडच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आणि वाचनालयाच्या सभासदांनी चार-पाच जणांचा गट करून परिषदेच्या पुढच्या अधिवेशनाच्या यजमानांना आजच पत्र लिहावे.