व्हीबी ६ मागे का पडलं? 'सोपं होतं म्हणून' हे उत्तर चुकीचं आहे!

मागच्या फेब्रुवारीत मामाचा फोन आला. "अरे, दुकानातलं बिलिंग बंद पडलंय. बिल करायला गेलं की काहीतरी एरर येते आणि सगळंच बंद होतं. तू इंजिनिअर ना? बघ जरा येऊन."

मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे. शनिवारी गेलो. स्क्रीनवर लिहिलेलं होतं: रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो. शेवटचं निघालेलं बिल पाहिलं, त्याचा नंबर ३२,७६७. तिथेच दुखणं कळलं.

हे सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये, म्हणजे व्हीबी ६ मध्ये लिहिलेलं आहे. व्हीबी ६ मधला 'इंटिजर' १६ बिटचा असतो, त्यात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावतच नाही. दरवर्षी १ एप्रिलला बिल नंबर पुन्हा १ पासून सुरू होतो, त्यामुळे इतकी वर्षं ही मर्यादा कधी आडवी आली नव्हती. यंदा धंदा वाढला, रोजची शंभरेक बिलं व्हायला लागली आणि आकडा संपला!

सॉफ्टवेअर लिहिणारे सर गावातच राहतात. एकेकाळी ते कॉम्प्युटर क्लास चालवायचे, आता विम्याचं काम करतात. त्यांच्याकडे एक जुना पीसी अजून जपून ठेवलेला आहे. त्यावर व्हीबी ६ उघडलं, बिल नंबरचा 'इंटिजर' बदलून 'लाँग' केला आणि पुन्हा कंपाइल केलं. अर्ध्या तासात काम झालं.

मी त्यांना विचारलं, "सर, एवढं येत होतं तर सोडलं का?"

ते हसले. "मी कुठे सोडलं? त्यांनीच सोडलं मला."

हे वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात घोळत होतं. आमच्या कॉलेजात व्हीबीचं नाव निघालं की "ती पोरांची लँग्वेज, म्हणून संपली" असंच ऐकायला मिळायचं. पण खरं कारण वेगळं आहे. चला, क्रमाने बघूया.

आधी थोडा इतिहास

बेसिक ही भाषा १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी तयार केली. कॉम्प्युटर फक्त शास्त्रज्ञांचा न राहता कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे मायक्रोसॉफ्टचं पहिलं प्रॉडक्टसुद्धा बेसिकच होतं, १९७५ साली अल्टेअर कॉम्प्युटरसाठी बनवलेलं.

१९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं. त्या काळी विंडोजमध्ये एक साधी खिडकी दाखवायची तरी सी भाषेत भरपूर कोड लिहावा लागायचा. व्हीबीत फॉर्मवर बटण ओढून ठेवायचं, त्यावर डबल क्लिक करायचं, दोन ओळी लिहायच्या आणि एफ ५ दाबायचं. झाला प्रोग्रॅम तयार! १९९८ चं व्हीबी ६ हे या मालिकेतलं शिखर. सरांसारख्या असंख्य लोकांनी त्यात हिशोबाची, पगाराची, स्टॉकची सॉफ्टवेअर लिहिली.

मग बिनसलं कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे वेब. व्हीबी ६ चा प्रोग्रॅम विंडोजवर इन्स्टॉल करावा लागतो. २००० नंतर कामं ब्राउझरकडे सरकायला लागली आणि तिथे पीएचपी, जावा, जावास्क्रिप्ट पुढे गेल्या. पण एवढ्यानेच भाषा मरत नाही. तिला वेबकडे जायचा रस्ता मिळाला असता, तर लोकही तिच्यासोबत गेले असते.

रस्ता दिला गेला, पण मधला पूल तोडून. २००२ मध्ये व्हीबी डॉट नेट आलं. नाव व्हीबीच, पण आतली यंत्रणा पूर्ण नवी. इंटिजर ३२ बिटचा झाला. व्हेरिएंट हा प्रकार गेला. 'सेट' लिहायची पद्धत गेली. एकाच नावाच्या अनेक बटणांचा गट करणारी कंट्रोल अ‍ॅरे गेली. यातले बरेच बदल तांत्रिकदृष्ट्या चांगले होते. गंमत बघा, इंटिजर ३२ बिटचा असता तर मामाचं बिलिंग अडलंच नसतं. पण या सगळ्याचा एकत्र परिणाम असा झाला की जुना कोड तसाच्या तसा चालेना.

कोड बदलून देणारा एक विझार्ड सोबत दिला होता. सरांनी तो चालवून पाहिला होता. म्हणाले, "दुरुस्त्यांची यादीच संपेना. तीन महिने बसून परत तेच सॉफ्टवेअर बनवायचं, आणि गिऱ्हाईक विचारणार, यात नवीन काय? पैसे कोण देणार?"

२००५ च्या मार्चमध्ये व्हीबी ६ चा मुख्य सपोर्ट संपला. त्या सुमारास अनेक नामांकित व्हीबी डेव्हलपर्सनी मायक्रोसॉफ्टकडे जाहीर याचिका केली की जुनी व्हीबी चालू ठेवा. ती मान्य झाली नाही. २००८ मध्ये उरलेला सपोर्टही थांबला.

आता डेव्हलपरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सगळं नव्याने शिकायचंच असेल, तर व्हीबी डॉट नेटच का शिकू? त्याच डॉट नेटवर सी शार्प होती. तिची मांडणी जावाशी मिळतीजुळती, नोकरीसाठीही बरी. बरेच जण तिकडे गेले, काही जावाकडे गेले, आणि सरांसारखे काही जण प्रोग्रॅमिंगमधूनच बाहेर पडले.

पण पायथनही मोडलीच होती ना?

इथे एक तुलना महत्त्वाची आहे. पायथनला आपण 'नवीन' म्हणतो, पण ती पहिल्यांदा बाहेर आली १९९१ मध्येच, म्हणजे व्हीबीच्याच वर्षी. तीही सोपी, आणि तिनेही जुना कोड मोडला. २००८ च्या डिसेंबरमध्ये पायथन ३ आली आणि पायथन २ चे प्रोग्रॅम तिच्यावर नीट चालेनात. लोक तेव्हाही चिडले होते.

फरक एवढाच की पायथन २ चा सपोर्ट लगेच काढून घेतला नाही. आधी २०१५ ची मुदत होती, ती वाढवून १ जानेवारी २०२० केली. म्हणजे घर बदलायला ११ वर्षं मिळाली. शिवाय पायथन ओपन सोर्स आहे, विंडोज, लिनक्स, मॅक कुठेही चालते आणि एका कंपनीच्या निर्णयावर अवलंबून नाही. दरम्यान नमपाय, पांडाजसारख्या लायब्ररींमुळे डेटाचं सगळं काम तिच्याकडे आलं. थांबायला कारण होतं, म्हणून लोक थांबले.

यातून आपण काय घ्यायचं?

सोपी भाषा शिकण्यात कमीपणा अजिबात नाही. पण भाषा निवडताना दोन प्रश्न नक्की विचारा. ही भाषा कोणाच्या हातात आहे? आणि उद्या ती बदलली, तर माझा आजचा कोड घेऊन मला पुढे जाता येईल का?

आणि कुणाकडे व्हीबी ६ मधलं जुनं सॉफ्टवेअर चालू असेल, तर घाबरू नका. त्याला लागणाऱ्या मुख्य रनटाइम फाइल्स विंडोज ११ मध्येही येतात. फक्त सोर्स कोड कुठे आहे ते आजच शोधा आणि त्याच्या दोन कॉपी करून ठेवा. सरांचा तो पीसी भंगारात गेला असता, तर अर्ध्या तासाचं काम आम्हाला कधीच करता आलं नसतं.

निघताना मामाने सरांच्या हातात पाकीट दिलं. सर "नको, नको" म्हणत होते. मग घेतलं आणि म्हणाले, "बऱ्याच वर्षांनी प्रोग्रॅमिंगचे पैसे मिळाले."