माणसाच्या आवाजावर पारखलेली पेटी

स्टुडिओबाहेरच्या कार्यक्रमांसाठी बीबीसीच्या गाड्या जात, तेव्हा आत बसलेल्या ध्वनितंत्रज्ञांना चांगल्या स्पीकरची गरज असे. पण मोठे स्पीकर गाडीत मावत नसत. म्हणून १९७०च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागाने एक छोटी पेटी घडवली, एलएस३/५ए. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, आतली जागा सुमारे ५ लिटर. प्रत्यक्ष बोलणारा माणूस आणि स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज यांत किती फरक पडतो, यावर बीबीसीत स्पीकर पारखले जात. रॉजर्स, स्पेन्डॉर, हार्बेथ अशा कंपन्यांनी पुढे परवाना घेऊन ही पेटी बनवली. केफ या स्पीकर कंपनीने आपल्या पन्नाशीनिमित्त २०१२मध्ये काढलेला एलएस५० हा स्पीकर तिच्याच प्रेरणेतून आला.

घरासाठी बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे अशीच छोटी पेटी, निवडतानाही माणसाच्या आवाजाची हीच कसोटी लावावी. दुकानात बहुधा ढोल आणि खणखणाटाचं काहीतरी वाजवून दाखवतात, आणि त्यात कुठलाही स्पीकर दोन मिनिटं भारी वाटतो. त्याऐवजी वर्षानुवर्षं ऐकलेलं एखादं गाणं सोबत न्यावं. ओळखीच्या गळ्यातला श्वास, शब्दाच्या शेवटचा ‘स’, तानेतले सुटे दाणे जिथे स्वाभाविक वाटतात, तो स्पीकर खरा. तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवायला सांगावं, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच सरस भासतो.

छोट्या पेटीकडून सगळंच मिळत नाही. लहान आकार, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी दोनच गोष्टी एकत्र साधतात. जोसेफ हॉफमन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. चार इंची वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या पडद्याची) पेटी घर दणाणून सोडेल असं जाहिरात सांगत असेल, तर तिथे थांबून विचार करावा.

अभिजात संगीत ऐकणाऱ्यांना मात्र ही तडजोड फारशी जाचत नाही. काळी एक पट्टीच्या षड्जाची कंपनसंख्या सुमारे १३९ हर्ट्झ. त्या पट्टीतल्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. चांगले बुकशेल्फ स्पीकर तिथवर बऱ्यापैकी पोचतात, आणि तंबोऱ्याचं वैभव तर त्याच्या वरच्या स्वयंभू स्वरांत आहे. चित्रपटातले स्फोट किंवा ऑर्गनचे तळाचे सूर हवे असतील, तर वेगळा सबवूफर घेतलेला बरा.

एक काळ असा होता की आपल्याकडच्या म्युझिक सिस्टिमवर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ छापलेले असत. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. पाहायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते. ८३ डेसिबलच्या स्पीकरला ८९च्या स्पीकरइतकं वाजायला चौपट वॉट लागतात. ॲम्प्लिफायर लहान असेल, तर निवड इथेच ठरते. चार ओहमचा, म्हणजे कमी विद्युतरोधाचा, स्पीकर घेताना आपल्या ॲम्प्लिफायरला तो झेपेल का, तेही विचारावं.

आणि खोली! चकचकीत टाइल्स, काचेचं स्लायडिंग दार आणि उघड्या भिंती असलेल्या हॉलमध्ये महागडा स्पीकरही कर्कश वाजू शकतो. जाड पडदे आणि सतरंजी पुष्कळ फरक पाडतात. नाव बुकशेल्फ असलं, तरी हे स्पीकर शोकेसमध्ये कोंबू नयेत. भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो, कोपऱ्यात ठेवले की आणखीच. मागच्या बाजूला पोर्ट, म्हणजे हवेसाठीचं भोक, असलेल्यांना तर मोकळी जागा हवीच. फ्लॅटमध्ये ती नसेल, तर बंद पेटीचे किंवा पुढे पोर्ट असलेले स्पीकर शोधावेत. भक्कम स्टँडचे पैसे बजेटमध्ये सुरुवातीलाच धरावेत. वरचे सूर वाजवणारा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा, आणि दोन स्पीकरमध्ये जितकं अंतर, साधारण तितक्याच अंतरावर ऐकणाऱ्याची खुर्ची. जोडी घरी नेऊन दोन-चार दिवस ऐकू देणारा विक्रेता मिळाला, तर थोडे जास्त पैसे देऊनही त्याच्याकडूनच घ्यावी.