शंख फुटला की गाव मोडतं : बेटावर अडकलेल्या पोरांची कादंबरी आपल्याला काय सांगते?

परभणी : 'पोरं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा.' असा मेसेज ग्रुपवर पडला की पारावर चर्चा सुरू होते. टोळी कुणी पाहिली? कुणीच नाही. तरी अंधार पडला की माणसं काठ्या घेऊन उभी राहतात. न पाहिलेल्या गोष्टीची भीती माणसाला कुठवर नेते, हे सत्तर वर्षांपूर्वी एका इंग्रज शिक्षकाने कादंबरीत लिहून ठेवलंय. लेखक विल्यम गोल्डिंग, कादंबरी 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'.

गोष्ट काय आहे?

गोल्डिंग इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या शाळेत शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलात होते. माणूस माणसाशी किती वाईट वागू शकतो, हे त्यांनी तिथे पाहिलं. कादंबरी १९५४ मध्ये आली. पुढे १९८३ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं.

युद्धाच्या काळात शाळकरी मुलांना घेऊन निघालेलं विमान निर्जन बेटावर पडतं. मोठं माणूस एकही वाचत नाही. राल्फ नावाच्या मुलाला सगळे पुढारी निवडतात. जाडा, चष्मेवाला, दम्याचा पिगी शहाणपणाचं सांगतो, पण सगळे त्याला चिडवतात. जॅक शिकारीच्या टोळीचा म्होरक्या होतो. सायमन अबोल, पण समजदार. सुरुवातीला सगळं नीट चालतं. शेवटी दोन पोरांचा जीव जातो.

शंख : बोलण्याची पाळी

राल्फला किनाऱ्यावर शंख सापडतो. तो फुंकला की सभा भरते. ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ग्रामसभेतल्या माइकसारखंच हे. शंखात स्वतःची ताकद काहीच नाही. सगळ्यांनी नियम मानला तोवरच त्याला मान. जॅकने तो मानायचं सोडलं आणि सभा मोडली. पुढे वरून ढकललेल्या दगडाखाली पिगी मरतो, त्याच क्षणी शंखाचाही चुरा होतो. नियम आणि दुबळ्या माणसाचं संरक्षण एकत्रच जातं, असं लेखकाला सांगायचंय.

आग आणि चष्मा

पिगीच्या चष्म्याच्या काचेने मुलं आग पेटवतात. धूर दिसला तर जहाज येईल, ही आशा. म्हणजे चष्मा ही अक्कल आणि आग ही सुटकेची वाट. पण राखणीची पोरं डुकराच्या शिकारीला जातात, आग विझते आणि नेमकं तेव्हाच जहाज निघून जातं. आजच्या मटणापायी उद्याची सुटका हुकते. पुढे जॅकची टोळी चष्माच चोरते.

राक्षस कुठे आहे?

बेटावर राक्षस आहे, अशी कुजबुज एका लहानग्यापासून सुरू होते. मग एका रात्री पॅराशूटला लटकलेलं सैनिकाचं प्रेत आभाळातून डोंगरावर पडतं. अंधारात पोरांना तोच राक्षस वाटतो. जॅकची टोळी त्याच्यासाठी डुकराचं मुंडकं खांबावर लावते. त्यावर माश्या घोंगावतात. कादंबरीचं नाव यावरूनच आलं. 'माश्यांचा धनी' हा सैतानाच्या एका जुन्या नावाचा अर्थ आहे.

राक्षस बाहेर नाही, आपल्याच आत आहे, हे फक्त सायमनला उमगतं. डोंगरावर जाऊन तो खरं काय ते पाहतो आणि सांगायला धावत येतो. पण वादळी रात्री नाचत बेभान झालेली पोरं त्यालाच राक्षस समजून मारतात. त्यात चांगली म्हणवणारी पोरंही असतात. खरं सांगायला आलेलाच गर्दीच्या हातून मरतो.

ही फक्त गोष्ट नाही

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचं राईनपाडा गाव. आठवडी बाजाराचा दिवस. पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवर आधीच फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांवर संशय घेऊन जमावाने त्यांना मारहाण केली. ग्रामपंचायत कार्यालयात कोंडूनही मारलं. पाचही जण दगावले. जिथे ग्रामसभेचा कारभार चालतो, तिथेच शंख फुटला.

२०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना भागातील गावांनी रात्री आभाळात ड्रोन दिसतात म्हणून जागून काढल्या. ड्रोन चोरांचेच, अशी चर्चा झाली. कादंबरीतही भीती आभाळातूनच उतरते.

मग सगळीच पोरं अशी वागतात का?

नाही. टोंगा देशातील सहा शाळकरी मुलं १९६५ मध्ये बोट घेऊन निघाली, वादळात सापडली आणि एका निर्जन बेटावर अडकली. पंधरा महिने ती तिथे राहिली. दोघा-दोघांनी कामं वाटून घेतली, आग विझू दिली नाही. भांडण झालं की दोघांनी वेगवेगळ्या टोकाला जाऊन राग शांत करायचा, हा नियम. एकाचा पाय मोडला तर इतरांनी काठ्या बांधून बरा केला. १९६६ मध्ये सगळे जिवंत परतले.

आपल्याकडेही दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेले की कित्येक लेकरं आजीपाशी राहतात. धाकट्यांना सांभाळतात, भाकरी थापतात, शाळेत जातात. मोठी माणसं जवळ नाहीत म्हणून ती रानटी होत नाहीत. घरात, गावात ठरलेला नियम त्यांनी मोडलेला नसतो.

फरक इथेच आहे. शंख जपायचा की फोडायचा, हे प्रत्येकाच्या हातात असतं. आज तो हात मोबाइलवर आहे. पुढच्या वेळी असा मेसेज आला तर आधी विचारा, 'कुणी पाहिलं?' अनोळखी माणूस दिसला तर हात उगारू नका, ११२ वर फोन करा. आणि गर्दीत एखादा 'थांबा, खरं काय ते बघू' म्हणाला तर त्याचं ऐका. तो सायमन असू शकतो.