किक मारायला मिशा लागत नाहीत

झाशी हे हॉकीचं गाव. ध्यानचंद इथे वाढले, त्यांचा पुतळा टेकडीवरून शहराकडे बघत उभा आहे, आणि रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असं नाव आहे. अशा गावात अमेरिकन फुटबॉलचा विषय काढणं म्हणजे जरा आडवाटेला जाणंच. पण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींना गावाच्या वेशी नसतात. हेल्मेट घातलेली, खांद्यांवर पॅड चढवलेली एखादी मुलगी पुरुषांच्या संघातून चेंडूला किक मारताना दिसते आणि ठरलेली वाक्यं सुरू होतात: हे नियमात बसतच नसणार, बाईमाणसाला तेवढी ताकद कुठली, सगळा प्रसिद्धीचा खेळ. झाशीत त्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते, ‘राणीची गोष्ट वेगळी होती हो!’ चारही वाक्यं तपासून पाहण्यासारखी आहेत.

आधी हा खेळ. आपल्या फुटबॉलशी त्याचं नातं नावापुरतं. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याला आडवं पाडायचं, असा तो राकट मामला. पण त्यात एक माणूस असा असतो की त्याचं काम जवळजवळ पूर्णपणे पायाचं. तो म्हणजे किकर. चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेल्याचे, म्हणजे टचडाउनचे, सहा गुण मिळाले की आणखी एका गुणासाठी चेंडू दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांडीच्या वरून मारायचा. दांडी जमिनीपासून दहा फूट उंच, खांबांमधलं अंतर साडेअठरा फूट. एक गडी वाकून पायांमधून चेंडू मागे फेकतो, दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो आणि टोकावर उभा धरतो, किकर दोन-तीन पावलं टाकून मारतो. हे सगळं साधारण सव्वा सेकंदात उरकावं लागतं, कारण समोरून धिप्पाड माणसं हात वर करून झेपावत असतात. मारल्यानंतर किकरला धडक दिली, तर धडक देणाऱ्याच्या संघाला दंड. म्हणजे या दांडगाईच्या खेळात नियमांनीच जपलेली ही एक जागा आहे. त्या जागी लागतो तो घोट्याचा कोन, पावलांची लय आणि डोकं थंड ठेवण्याची सवय.

मुलींची नावं याच जागेसाठी का येतात, याचं उत्तर १९६४ सालात आहे. तोवर किकर बुटाच्या चवड्याने, सरळ रेषेत धावत येऊन चेंडू ठोकायचे. हंगेरीत जन्मलेला पीट गोगोलाक त्या वर्षी बफेलो बिल्स संघात आला आणि आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखा तिरका धावत येऊन पायाच्या आतल्या बाजूने मारू लागला. चेंडू लांब जायचा आणि नेमका जायचा. हळूहळू सगळे तसंच मारू लागले. त्यामुळे ज्या मुली लहानपणापासून सॉकर, म्हणजे आपलं फुटबॉल, खेळल्या, त्यांच्याकडे हे कसब आयतंच होतं.

आता ताकदीचा मुद्दा. कॉलेजच्या सामन्यात तो एक गुणाचा फटका साधारण वीस यार्डांवरून मारायचा असतो, म्हणजे अठरा मीटर. तो मारणाऱ्या मुलींची यादी एव्हाना बरीच जुनी झाली आहे. १८ ऑक्टोबर १९९७ रोजी ओरेगॉनमधल्या विलामेट विद्यापीठाच्या लिझ हीस्टनने लिनफील्डविरुद्ध असे दोन फटके मारले. कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात गुण मिळवणारी ती पहिली स्त्री. २००१ मध्ये जॅक्सनव्हिल स्टेटच्या अ‍ॅशली मार्टिनने एकाच सामन्यात तीन मारले. २००३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाची केटी नायडा कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत गुण मिळवणारी पहिली स्त्री ठरली.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे आणि उत्साही मंडळी तो पसरवतात. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेची विश्वविजेती सॉकरपटू कार्ली लॉइड हिने फिलाडेल्फिया ईगल्सच्या सरावाला जाऊन ५५ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. चित्रफीत जगभर फिरली. ‘बघा, घ्या तिला संघात!’ पण तिच्या अंगावर पॅड नव्हते, अंगावर येणारं कुणी नव्हतं, आणि धाव घ्यायला हवी तेवढी जागा होती. फटका अस्सल होता, सामना मात्र नव्हता. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिकांच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, २०१५ पासून तो एक गुणाचा फटकासुद्धा ३३ यार्डांवरून मारावा लागतो, आणि तिथे मोसमातल्या सामन्यात आजवर एकही स्त्री खेळलेली नाही. कॉलेजातलं यश आणि तिथली पायरी यांत अंतर आहे, ते मान्य करायला हरकत नसावी. ते अंतर कॉलेजातल्या शेकडो पुरुष किकरांनाही पार करता येत नाही, हेही त्याच वाक्यात म्हणायला हवं.

त्या लीगमध्ये स्त्रियांना बंदी आहे, हा समज मात्र सपशेल चूक. तसा नियमच नाही. मार्च २०१३ मध्ये लॉरेन सिल्बरमन न्यू जर्सीत झालेल्या विभागीय निवड चाचणीला गेली. अशी चाचणी देणारी ती पहिली स्त्री. दोन किक मारल्या, एक १९ यार्ड गेली, दुसरी १३. मांडीचा स्नायू दुखावला आणि तिथेच संपलं. पुढे कित्येक दिवस तिची टिंगल झाली आणि ‘बायकांचं हे असंच’ असा शिक्का बसला. पण संघटित अमेरिकन फुटबॉल ती कधी खेळलेलीच नव्हती. त्याच चाचण्यांना येऊन हात हलवत परतलेल्या पुरुषांचे आकडे कुणी छापले नाहीत, आणि त्यांच्या अपयशावरून सबंध पुरुषजातीचं कुणी माप काढलं नाही.

प्रसिद्धीसाठी केलेला देखावा, हा आरोप सर्वांत जास्त झाला सारा फुलरवर. ती व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मुलींच्या सॉकर संघाची गोलरक्षक. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या संघाने आपल्या विभागाची स्पर्धा जिंकली, आणि त्याच आठवड्यात फुटबॉल संघाचे किकर कोविडमुळे विलगीकरणात गेले. प्रशिक्षकांना पाय हवा होता, आणि उत्तम पाय त्याच मैदानापलीकडे सराव करत होता. २८ नोव्हेंबरला मिझुरीविरुद्ध दुसऱ्या सत्राची सुरुवात तिने केली. चेंडू सरपटत तीसेक यार्ड गेला. ‘एवढंच?’ म्हणून लोक हसले. ती किक मुद्दाम तशी मारली होती; प्रतिस्पर्ध्याला चेंडू हवेत झेलून पळायला मिळू नये म्हणून अशा बुटक्या किक संघ ठरवून मारतात. तो सामना व्हँडरबिल्टने ०-४१ असा गमावला, म्हणजे तिला गुणाचा फटका मारायची वेळच आली नाही. १२ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध आली. तिने दोन मारले, दोन्ही गेले.

माझ्या मते खरी अडचण पायात नाही आणि नियमांच्या पुस्तकातही तितकीशी नाही. ती चाचणीच्या दारात आहे. याचा सर्वांत बोलका खटला ड्यूक विद्यापीठाचा. हेदर सू मर्सर ही शाळेत नाव कमावलेली किकर. एप्रिल १९९५ मध्ये ड्यूकच्या दोन गटांतल्या सराव सामन्यात तिने २८ यार्डांवरून विजयी फटका मारला. प्रशिक्षकांनी संघात घेतल्याचं जाहीर केलं, मग सामन्यांना गणवेश घालू दिला नाही, आणि पुढच्या वर्षी काढून टाकलं. ती कोर्टात गेली. अमेरिकेत शिक्षणसंस्थांतला लिंगभेद रोखणारा १९७२ चा कायदा आहे, पण अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत मुलींना मुलांच्या संघाची चाचणी देऊ न देण्याची मुभा त्याच्या नियमावलीत आहे. १९९९ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने सांगितलं: दार उघडायचं की नाही हा विद्यापीठाचा प्रश्न, पण एकदा चाचणी घेतली, की मग मुलगी म्हणून वेगळी वागणूक देता येणार नाही. पुढल्या वर्षी ज्युरीने एक डॉलर नुकसानभरपाई आणि वीस लाख डॉलर दंड ठोठावला. तो दंड नंतर रद्द झाला, कारण मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकारच्या दाव्यांत दंडात्मक भरपाईची वाट बंद केली. वकिलांचा खर्च मात्र विद्यापीठावर राहिला.

या निकालाचा अर्थ लोक हमखास उलटा लावतात: आता मुलींना संघात घ्यावंच लागेल, राखीव जागा द्यावी लागेल. छे! कोर्टाने तिला जागा दिली नाही. तिची किक पुरुषाच्या किकइतक्याच निष्पक्षपणे मोजा, एवढंच म्हटलं.

आपल्या नेहमीच्या फुटबॉलमध्ये वरच्या पातळीवर दार घट्ट आहे. मेक्सिकोच्या मारिबेल डोमिंगेझला सेलाया या पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबने करारबद्ध केलं, तेव्हा डिसेंबर २००४ मध्ये फिफाने ते मोडीत काढलं. पुरुषांचं आणि स्त्रियांचं फुटबॉल वेगळंच राहिलं पाहिजे, ही भूमिका. नेदरलँड्समध्ये २०२० साली हौशी फुटबॉलच्या खालच्या स्तरावर प्रयोग म्हणून एलेन फोकेमाला तिच्या गावच्या क्लबच्या पुरुष संघातून खेळू दिलं. ती त्या मुलांबरोबर लहानपणापासूनच खेळत होती. वयाची अट आडवी आली म्हणून परवानगी मागावी लागली, एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. भारतात लहान मुलांच्या बेबी लीगमध्ये मुलगे-मुली एकत्र खेळू शकतात. वय वाढलं की वाटा वेगळ्या.

आणि दार उघडलं तरी आत सगळं आलबेल असतं असं नाही. केटी नायडाने २००४ मध्ये जाहीरपणे सांगितलं की न्यू मेक्सिकोला जाण्याआधी कोलोरॅडो विद्यापीठाच्या संघात असताना तिचा छळ झाला आणि एका सहकाऱ्याने बलात्कार केला. ‘मुलगी नाजूक, तिला मैदानावर लागेल’ अशी काळजी वाहणाऱ्यांनी हे वाचावं. धोका मैदानावर नव्हता.

राहिला प्रश्न राणीचा. ‘तिची गोष्ट वेगळी’ म्हटलं की ती देवघरात जाते आणि आपण मोकळे. पण राणीला डोळ्यांनी पाहिलेल्या एका मराठी माणसाने जे लिहून ठेवलं, त्यात चमत्कार फारसा नाही, दिनक्रम आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात बाईसाहेबांचा मल्लखांब आहे, घोड्यावरची रपेट आहे, घोड्यांची पारख आहे. भिक्षुकी करणाऱ्या माणसाने टिपलेली ती रोजची मेहनत आहे. बिठूरला बाजीरावांच्या आश्रयाने वाढताना लहानग्या मनूला, म्हणजे पुढच्या राणीला, घोडा आणि तलवार मुलांच्या बरोबरीने शिकायला मिळाली, ही त्या मेहनतीची सुरुवात. तिला शिकू दिलं गेलं, म्हणून पुढचं घडलं. आणि ती एकटीही नव्हती. १८५८ च्या मार्च-एप्रिलमधल्या वेढ्यात तटबंदीच्या डागडुजीला बायका राबताना दिसल्या, असं वेढा घालणाऱ्या ह्यू रोझच्या फौजेतल्या इंग्रजांनीच नोंदवून ठेवलं आहे.

आपल्याकडे चाचणीच्या दारावरची खरी लढाई, गंमत म्हणजे, ताकदीचा संबंध नसलेल्या खेळात झाली. १९७६ साली मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर बुद्धिबळात पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची ती पणती, ‘नवाकाळ’च्या नीलकंठ खाडिलकरांची मुलगी. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी त्या दशकात महिला बुद्धिबळावर राज्य करत होत्या. तिच्या सहभागावरून एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला: राष्ट्रीय असो वा आंतरराष्ट्रीय, स्पर्धेतून स्त्री म्हणून कुणाला वगळता येणार नाही. सोंगट्या सरकवायला दंडात किती बळ लागतं, हे कुणी विचारलं होतं की नाही कोण जाणे! रोहिणीने त्या स्पर्धेत तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कथाही याच धाटणीची. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना प्रवेश दिला नाही. अंतरिम आदेशाने प्रवेश परीक्षेला बसू दिलं. नोव्हेंबरमध्ये परीक्षा झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली, आणि ३० मे २०२५ रोजी सतरा जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करत बाहेर पडल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समरकंदला बुद्धिबळाची ग्रँड स्विस स्पर्धा भरली. महिलांसाठी वेगळा गट होता. नागपूरची दिव्या देशमुख, जुलैमध्येच महिला विश्वचषक जिंकलेली, त्या गटात न खेळता खुल्या गटात बसली. या वेळी कुणी कोर्टात गेलं नाही.