मोटारीचा श्वास

अमेरिकेतील पाँटियाक कंपनीच्या १९६५ सालच्या 'जीटीओ' मोटारीच्या बॉनेटवर एक ऐटबाज वायुमुख होते. पण ते बंद, केवळ शोभेचे! ते उघडून कार्ब्युरेटरशी जोडण्याचे साहित्य कंपनीने त्याच वर्षी विकावयास काढले. जुन्या मोटारींचे हौशी लोक आजही अशी सोय घरीच करतात. पत्र्याची उथळ परात कार्ब्युरेटरभोवती बसवून तिच्या काठाला फोमरबराची पट्टी लावितात. बॉनेट मिटताच पट्टी दाबली जाते आणि एंजिनाजवळची तापलेली हवा बाहेरच राहते.

वाऱ्याच्या रेट्याने शक्ती वाढते, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु ताशी १०० किलोमीटर वेगाला हा रेटा वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. खरा लाभ थंडाव्याचा! ६० अंश सेल्सिअस तापलेल्या हवेपेक्षा ३० अंशांची हवा सुमारे १० टक्के अधिक दाट असते. ज्वलनास प्राणवायूही तितकाच अधिक मिळतो.

मात्र पाऊसही याच वाटेने येतो. म्हणून परातीच्या तळाला निचऱ्याचे भोक ठेवावे, आणि हवेची गाळणी कदापि काढू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरात साचले तर पिस्टनचा दांडाच वाकतो.